विमान हरवले तेव्हा आपण आधी काय विचारले?

१७ सप्टेंबर २०२३, रविवार. अमेरिकेतील साउथ कॅरोलिना राज्यात, भर पावसात, एक वैमानिक पॅराशूटने एका घराच्या मागच्या अंगणात उतरला. त्याचे एफ-३५बी हे लढाऊ विमान मात्र त्याच्याबरोबर खाली आले नाही. ते वैमानिकाविना अकरा मिनिटांहून अधिक काळ उडत राहिले आणि दूर कुठेतरी जाऊन पडले. कुठे, ते कोणालाच कळेना. शेवटी तेथील लष्करी तळाने सामान्य लोकांनाच आवाहन केले की, कोणाला काही दिसले असेल तर कळवावे. दुसऱ्या दिवशी सायंकाळी विल्यम्सबर्ग काउंटीत विमानाचे अवशेष सापडले. जमिनीवर कोणालाही इजा झाली नव्हती.

मधल्या सुमारे चोवीस तासांत जग हसत होते. शत्रूच्या रडारला दिसू नये म्हणून बनवलेले विमान आता मालकालाही दिसेना, हा विनोद तर सर्वांनाच सुचला. ‘हरवले आहे’ छापाची चित्रे फिरली. पुढे त्या घरातून आपत्कालीन सेवेला केलेल्या फोनचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले. घरमालक सांगत आहे की आमच्या घरात एक वैमानिक आला आहे, रुग्णवाहिका पाठवा. आणि पलीकडच्या बाईंना ते काही केल्या उमगत नाही. यावर पुन्हा हशा. आपल्या मराठी गटांवरही तो पोहोचला. ‘आमच्याकडे सायकल हरवली तरी पोलीस पाटलाला आधी सांगतात’ अशा चालीचे शेरे त्या दिवसांत कोणी वाचले नसतील असे वाटत नाही.

वाचकहो, या हसण्याविषयी थोडे थांबून विचार करावा असे सुचले ते लखनौच्या आमच्या मराठी अभ्यासवर्गात. या शहराला विमाने नवीन नाहीत. बक्शी का तालाब येथे वायुसेनेचे ठाणे आहे. आग्रा-लखनौ द्रुतगती मार्गावर उन्नाव जिल्ह्यात बांगरमऊजवळ २०१६ आणि २०१७ मध्ये लढाऊ विमाने उतरवण्याचे सराव झाले, तेव्हा ते पाहायला आमच्यापैकीही काही जण गेले होते. वाणीच्या संयमावर बोलणे चालले होते आणि एक ज्येष्ठ काका, जे जन्मभर हिशेबखात्यात होते, म्हणाले, “अहो, पण त्या अमेरिकेच्या विमानाला आपण हसलो त्यात बिघडले काय? कोणी मेले नाही. दहा कोटी डॉलरच्या घरातली वस्तू हरवली आणि लोकांनी चेष्टा केली. इतके सोवळे पाळायचे म्हटले तर माणसाने हसायचे कशाला?”

काकांचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. अध्यात्माच्या नावाखाली चेहरा लांब करून बसणाऱ्यांची आपल्याला सवय आहे, आणि ती चांगली सवय नव्हे. बलाढ्य माणसाची टोपी वाऱ्याने उडाली की हसू येते, ते दुष्टपणाचे नसते. जगातली सर्वांत महागडी सेना ‘आमचे विमान पाहिलेत का हो?’ असे विचारते यात गंमत आहेच. शिवाय विमान जनतेच्या पैशाचे असते. ते कसे हरवले, कोणाची चूक, यंत्रणा कुठे कमी पडली, हे विचारण्याचा नागरिकाला पुरता अधिकार आहे. सैन्य देशाचे आहे म्हणून त्याला प्रश्नच विचारू नयेत, असे कोणी म्हणत असेल तर ते सैन्याच्याही हिताचे नाही. विमाने पडतात त्यातली काही अशा त्रुटींमुळे पडतात, ज्यांविषयी कोणी वेळेवर विचारले असते तर बरे झाले असते.

म्हणून हसू नये असे माझे म्हणणे नाही. माझा प्रश्न क्रमाचा आहे. लखनौचे ‘पहले आप’ जगप्रसिद्ध आहे. दोन नवाब एकमेकांना ‘पहले आप’ म्हणत फलाटावर उभे राहिले आणि गाडी निघून गेली, ही गोष्ट इथला रिक्षावालाही सांगतो आणि स्वतःच हसतो. त्या विनोदात कोणी दुखावत नाही, कारण तो स्वतःच्या घरावरचा आहे. पण त्या चेष्टेखाली एक खरा संस्कार आहे: समोरचा माणूस आधी, माझी घाई नंतर. विमान हरवले हे कळल्यावर आपल्या मनात आधी काय आले? ‘माणूस सुखरूप आहे ना?’ हे आले, की ‘किंमत किती होती?’ हे आले, की ‘यावर काय मजेदार लिहिता येईल?’ हे आले? पहिला प्रश्न विचारून, त्याचे उत्तर ऐकून, मग कोणी हसले तर ते हसू वेगळे. पहिला प्रश्न मनात आलाच नाही, तर तपासण्यासारखे काहीतरी आहे.

आणि त्या दिवशीच्या उत्तरात तपशीलही बराच होता. आपत्कालीन आसनावरून बाहेर फेकले जाणे म्हणजे जिना उतरणे नव्हे. मुठी ओढल्या की कॉकपिटवरचे आवरण दूर होते आणि आसनाखालचे रॉकेट माणसाला क्षणार्धात वर फेकते. तेवढ्या क्षणापुरते त्याच्या अंगावर स्वतःच्या वजनाच्या बारा ते वीसपट ओझे पडते. पाठीचे मणके दबतात, कधी मोडतात. काही वैमानिक पुन्हा लढाऊ विमान चालवू शकत नाहीत. मार्टिन-बेकर या एकाच कंपनीच्या आसनांनी आजवर सात हजारांहून अधिक जीव वाचवले आहेत, पण वाचलेला प्रत्येक जण धडधाकट परतला असे नाही. साउथ कॅरोलिनाचा तो वैमानिक त्या फोनवर पाठ दुखत असल्याचे सांगतो, आणि आपले विमान कुठे पडले असेल ते ठाऊक नाही हेही सांगतो. ते ध्वनिमुद्रण मी पुन्हा ऐकले तेव्हा विनोद ओसरला होता. एक जखमी माणूस अनोळखी घरात उभा आहे आणि आपले यंत्र कोणाच्या डोक्यावर तर पडले नाही ना, हे त्याला कळायला मार्ग नाही.

आता आपल्या किनाऱ्यावर येऊ. २६ नोव्हेंबर २०२० रोजी सायंकाळी पाचच्या सुमारास नौदलाचे मिग-२९के हे प्रशिक्षण विमान गोव्याजवळ अरबी समुद्रात कोसळले. विमान आयएनएस विक्रमादित्य या विमानवाहू नौकेशी संलग्न होते. दोघांपैकी एक वैमानिक वाचवला गेला. दुसरे, कमांडर निशांत सिंह, बेपत्ता झाले. अमेरिकेत माणूस सापडला आणि विमान हरवले; इथे विमानाचे तुकडे काही दिवसांत सापडले आणि माणूस सापडेना. नऊ युद्धनौका, चौदा विमाने आणि वेगवान गस्ती नौका शोध घेत होत्या. किनारी पोलीस लागले होते, मच्छीमारांच्या गावांना कळवले होते. अकरा दिवसांनी, ७ डिसेंबरला, गोव्याच्या किनाऱ्यापासून सुमारे तीस मैलांवर, सत्तर मीटर खोल पाण्यात त्यांचा देह सापडला.

त्या अकरा दिवसांत लोकांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा एकमेकांना पाठवली: त्यांचे एक पत्र. त्याच वर्षी मे महिन्यात, टाळेबंदीच्या काळात, त्यांनी आपल्या वरिष्ठांकडे लग्नाची परवानगी मागणारे पत्र लिहिले होते आणि ते अथपासून इतिपर्यंत विनोदी होते. लग्न हे जणू एक धोकादायक लष्करी मोहीम आहे अशा थाटात ते लिहिलेले. वाचणारा हसायचा, आणि हसता हसता त्याला आठवायचे की हा माणूस आत्ता समुद्रात आहे. कोणी कोणाला सांगितले नाही की इथे हसू नका. ते हसू आपोआप प्रार्थनेसारखे झाले. ‘हे वाचा, किती गोड माणूस आहे, परत यायला हवा’ असे लिहून लोक ते पाठवत होते.

काकांना मी हेच सांगितले. हसण्यात वाईट काही नाही. आपण कुठे उभे राहून हसतो यावर ते ठरते. त्या पत्राला हसणारा निशांत सिंहांच्या शेजारी उभा होता. एफ-३५ ची चित्रे फिरवणारे आपण त्या वैमानिकाच्या शेजारी नव्हतो. फार लांब, सुरक्षित, कोरड्या जागी होतो.

मनाच्या या जागा आपल्या परंपरेने फार बारकाईने पाहिल्या आहेत. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्याच पादात चार वृत्ती सांगितल्या: सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाविषयी मुदिता म्हणजे आनंद, आणि अपुण्याविषयी उपेक्षा. आणि फळ काय सांगितले? चित्त प्रसन्न, निर्मळ होणे. समोरच्याचे भले होईल असे तिथे म्हटलेले नाही. स्वतःचे चित्त स्वच्छ होईल असे म्हटले आहे. मला हे नेहमीच फार व्यवहारी वाटत आले आहे. एक विमान पडते तेव्हा या चारही जागा एकाच वेळी उघडतात. जो वाचला त्याच्याविषयी मैत्री. ज्यांचा माणूस सापडत नाही त्यांच्याविषयी करुणा. ज्याने अंगणात उतरलेल्या परक्या माणसाला घरात घेतले, ज्यांनी रात्रभर समुद्र धुंडाळला, ज्या कारागिराने ते आसन नीट जोडले होते, त्यांच्याविषयी मुदिता. आणि कोणाची चूक झालीच असेल तर उपेक्षा.

हा शेवटचा शब्द मराठीत बिघडला आहे. उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष, हेळसांड, असे आज आपण समजतो. पतंजलींच्या मनात हेळसांड नाही; चुकीला चिकटून न बसणारी, तिच्यावर मन न पोसणारी तटस्थता आहे. ज्याच्याकडे चौकशीचे काम आहे त्याने चौकशी कसून करावी, ते त्याचे कर्तव्य. ज्याच्याकडे ते काम नाही अशा माझ्यासारख्याने लखनौत खुर्चीवर बसून त्या माणसाच्या चुकीचा चघळ करू नये, एवढेच. आपण नेमके उलटे करतो. चौकशी अहवाल येतो तेव्हा तो वाचायला कोणी नसते, आणि पहिल्या तासात निकाल द्यायला सगळे हजर असतात.

त्या एफ-३५ चा अहवाल ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस, म्हणजे तेरा महिन्यांनी, जाहीर झाला. त्यात म्हटले होते की विमानात विद्युत बिघाड झाला, रेडिओ आणि हेल्मेटमधला दर्शक बंद पडत होते, ढगांत काही दिसत नव्हते. तरीही काही पर्यायी उपकरणे चालू होती आणि विमान उडण्याजोगे होते, त्यामुळे बाहेर पडण्याचा निर्णय चुकीचा होता. शिक्षेची शिफारस मात्र केली नव्हती. तरी त्या वैमानिकाची तुकडीप्रमुखाची जबाबदारी गेली. तज्ज्ञांना, सगळी माहिती समोर ठेवून, जे ठरवायला वर्षाहून अधिक लागले, ते त्याला पावसात, आंधळ्या ढगात, काही सेकंदांत ठरवायचे होते.

इथे एक अधिक अवघड प्रश्न येतो आणि तो आपल्या देशात जास्त टोचतो. बाहेर पडणारा वैमानिक पळाला का? उघडपणे असे फार थोडे म्हणतात. पण आपल्या कौतुकाच्या पद्धतीत ते दडलेले असते. विमान गावावर पडू नये म्हणून जो शेवटपर्यंत आत बसला आणि गेला, त्याच्या कथा आपण डोळ्यांत पाणी आणून सांगतो. त्या खऱ्या असतात तेव्हा त्यांच्यापुढे मस्तक झुकतेच. जो योग्य क्षणी बाहेर पडला आणि वाचला, त्याची कथा मात्र कोणी सांगत नाही.

४ जून २०२४ हा लोकसभेच्या निकालांचा दिवस. सारा महाराष्ट्र टीव्हीसमोर बसला असताना नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात शिरसगावच्या शिवारात सुखोई-३० विमान कोसळले. दोन्ही वैमानिक वेळेवर बाहेर पडले आणि वाचले. त्याच तालुक्यात वावी ठुशीजवळ २७ जून २०१८ रोजी असेच झाले होते. तेव्हाही दोघे वाचले. म्हणजे चार माणसे आपापल्या घरी परतली. त्यांच्या घरी त्या रात्री कोणी देवापुढे दिवा लावला असेल. पण आपल्या सामूहिक स्मरणात या दोन घटना नाहीत. जळणाऱ्या विमानाची चित्रफीत आहे, मोबाइल उंचावलेल्या गर्दीची आठवण आहे, वाचलेल्यांची नाही.

वैमानिकाला शिकवतानाच सांगतात की विमान पुन्हा बनवता येते, तुला पुन्हा बनवता येत नाही. एक लढाऊ वैमानिक तयार व्हायला वर्षे लागतात हा त्याचा हिशेबी भाग झाला. हिशेबापलीकडे साधी गोष्ट अशी की दुसऱ्याकडून बलिदानाची अपेक्षा करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? त्याग हा करणाऱ्याचा असतो. तो स्वेच्छेने झाला तर त्याला तेज असते. बघणाऱ्यांनी तो मागायला सुरुवात केली की त्याचे रूप बदलते, ती वसुली होते. आपल्या सत्संगांतही हा दोष शिरतो हे प्रामाणिकपणे मान्य करावे. हौतात्म्यावर आपण जितक्या सहज बोलतो तितक्या सहज आपण आपला एक रविवार कोणासाठी देत नाही. पराक्रमाच्या कथा ऐकून आलेले अश्रू म्हणजे देशसेवा, असा समज करून घेणे फार सोपे आहे.

२०१९ च्या फेब्रुवारीतले ते तीन दिवस सर्वांना आठवत असतील. २७ तारखेला विंग कमांडर अभिनंदन वर्धमान यांचे मिग-२१ पडले, ते पॅराशूटने सीमेपलीकडे उतरले आणि पकडले गेले. त्यांच्या रक्ताळलेल्या चेहऱ्याची चित्रफीत काही तासांत घरोघरी पोहोचली. सरकारला ती काढून टाकण्यास सांगावे लागले. आपण ती का पाठवत होतो? काळजीने, असे आपले उत्तर. पण ज्याच्या काळजीने पाठवायची त्याच्या घरच्यांनी ती पाहावी असे आपल्याला खरेच वाटत होते का? काळजी आणि कुतूहल यांचे कपडे सारखेच असतात. ‘मी हे पाठवले नाही तर कोणाचे काय अडेल?’ एवढे विचारले तरी त्यांतला फरक कळतो.

त्याच सकाळी काश्मीरमध्ये बडगामला वायुसेनेचे एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळले. त्यातले सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक मरण पावले. त्या सहांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडले, ही मोठी चूक झाली, असे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वायुसेनाप्रमुखांनी जाहीरपणे सांगितले. १ मार्चला अभिनंदन यांची वाट पाहत सारा देश अटारी-वाघा सीमेकडे डोळे लावून बसला होता आणि त्याच दिवशी नाशिकमध्ये निनाद मांडवगणे यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. नाशिककरांनी मोठ्या संख्येने त्यांना निरोप दिला. बाकी देशाचे लक्ष तिकडे नव्हते. यात कोणाला दोष द्यायचा नाही. आनंदाची बातमी मोठी होती आणि माणसाचे मन एका वेळी एकाच ठिकाणी धावते. तरी त्या सहा घरांकडून पाहिले तर तो दिवस कसा दिसत असेल? त्यांच्या माणसांच्या मृत्यूत ना शत्रू होता, ना विजय. अभिमान वाहायलाही धड कथा नव्हती. अशा घरांसाठी करुणा जास्त लागते, कारण तिला कथेचा आधार मिळत नाही.

आणि ‘बेपत्ता’ या शब्दाची तर आपल्याला कल्पनाच नसते. २२ जुलै २०१६ रोजी वायुसेनेचे एएन-३२ विमान चेन्नईजवळच्या तांबरम येथून पोर्ट ब्लेअरला निघाले आणि बंगालच्या उपसागरावर नाहीसे झाले. आत २९ जण होते. आठवडे शोध झाला, काही हाती लागले नाही. आठवड्याभरात बातम्या थांबल्या, घरांची वाट पाहणे थांबले नाही. जानेवारी २०२४ मध्ये, साडेसात वर्षांनी, पाण्याखाली चालणाऱ्या एका स्वयंचलित यानाने टिपलेल्या प्रतिमांत, चेन्नईच्या किनाऱ्यापासून सुमारे ३१० किलोमीटरवर, ३४०० मीटर खोल तळाशी त्या विमानाचे अवशेष दिसले. मृत्यूनंतर तेरा दिवस कशासाठी असतात हे आपल्या घरांत सर्वांना ठाऊक आहे. त्या २९ घरांनी तेरावा कोणत्या दिवसापासून मोजायचा होता? ३ जून २०१९ ला जोरहाटहून निघालेले दुसरे एएन-३२ अरुणाचलच्या डोंगरांत हरवले. त्यात १३ जण होते. त्यातल्या एका वैमानिकाची पत्नी त्याच वेळी जोरहाटच्या हवाई वाहतूक नियंत्रणात कामावर होती. विमानाशी संपर्क तुटला तेव्हा ती तिथे होती. अवशेष दिसायला आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत आलेल्या प्रत्येक ‘आत्ताच कळले, सगळे सुखरूप’ अशा अफवेचे तिच्यासारखीच्या घरात काय झाले असेल?

गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे: जे बोलणे कोणाला उद्विग्न करत नाही, जे खरे, प्रिय आणि हिताचे आहे. आपण ते घरातल्या भांडणांपुरते मानतो. बोटाने पुढे ढकललेला संदेश हे बोलणेच आहे, आणि तो मी रचला नाही म्हणून माझे तप मोडले नाही असे होत नाही. तिथे सत्याबरोबर हित जोडले आहे हेही पाहावे. रक्ताळलेला चेहरा खरा होता. तो पसरवण्यात हित नव्हते. आणि ‘सगळे सुखरूप’ ही अफवा प्रिय होती; सत्य नव्हती. चारही एकत्र हवीत, म्हणूनच त्याला तप म्हटले असावे.

बैठक संपता संपता एका तरुण भगिनीने वेगळाच प्रश्न काढला. म्हणाली, “काका, दादा, तुम्ही आपल्या वैमानिकाचे बोलताय. शत्रूचा वैमानिक आपल्या शेतात उतरला तर?” खोली शांत झाली.

पॅराशूटने उतरणाऱ्या, विमान गमावलेल्या वैमानिकावर हल्ला करू नये हा आज युद्धाचा मान्य नियम आहे. पण ही कल्पना आपल्याला परकी नाही. भीष्मपर्वाच्या आरंभी दोन्ही पक्षांनी नियम ठरवले, त्यात रथीने रथ्याशीच लढावे आणि निःशस्त्रावर वार करू नये हे होते. आणि त्याच महाभारतात कर्णाच्या रथाचे चाक रुतते. तो धर्माची आठवण देऊन थांबायला सांगतो, श्रीकृष्ण त्याला अभिमन्यू आणि द्रौपदीची आठवण देतात आणि बाण सुटतो. महाभारत तो प्रसंग झाकत नाही, सोपाही करत नाही. अभिनंदन पलीकडे उतरले तेव्हा तिथल्या जमावाने त्यांना मारहाण केली, ते पाहून आपण संतापलो. तो संताप योग्य होता. त्याच मापाने आपल्या शेतातल्या जमावाला मोजायची आपली तयारी आहे का, हे तिला विचारायचे होते.

काका म्हणाले, सैन्याच्या ताब्यात द्यायचा आणि आपण बाजूला व्हायचे. एका ताईंनी विचारले, “आणि तोवर? त्याने पाणी मागितले तर?” काका काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, पाणी द्यायचे. कोणीतरी लगेच म्हणाले, ‘त्याने आपल्यावर बॉम्ब टाकला असेल तरी?’ त्यावर एकमत झाले नाही. ज्यांचे कोणी सैन्यात आहे अशा दोन कुटुंबांनी वेगवेगळी उत्तरे दिली, आणि दोन्ही मनापासूनची होती. माझ्यापुरते मी काकांच्या बाजूने आहे: पाणी आधी, चौकशी ज्याची त्याने नंतर करावी. पण हे मी लखनौत, पंख्याखाली बसून लिहितो आहे. ज्याच्या शेतात तो उतरेल आणि ज्याचे घर त्या सकाळी जळलेले असेल, त्याच्यापुढे हे वाक्य मला इतक्या सहज उच्चारता येईल असे मला वाटत नाही.